'खंडपीठ' म्हणजे नेमके किती न्यायमूर्ती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'नागपूर खंडपीठाचा महत्त्वपूर्ण निकाल' असा मथळा आला की एक गोष्ट हमखास कळत नाही : निकाल देणारे न्यायमूर्ती किती होते? मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले उच्च न्यायालय हेही खंडपीठ, आणि दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की तेही खंडपीठ. त्यामुळे एकल न्यायमूर्तींचा आदेश बातमीत दोघांचा वाटतो, आणि पक्षकार ते कात्रण घेऊन 'आता आपली केस जिंकलीच' म्हणत वकिलाकडे येतो.

निवाड्याचे वजन न्यायमूर्तींच्या संख्येवर ठरते. द्विसदस्यीय पीठाचा निर्णय एकल न्यायमूर्तींवर बंधनकारक असतो, पूर्णपीठाचा (तीन किंवा अधिक न्यायमूर्ती) त्या दोघांवर. तेवढ्याच संख्येच्या पीठाला आधीचा निर्णय पटला नाही तरी तो डावलता येत नाही. मोठ्या पीठासाठी प्रकरण मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डिसेंबर २००४ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात हा नियम पक्का केला. तरीही घोळ होतो, कारण युक्तिवादात आधीचा निवाडा कुणी दाखवतच नाही आणि उलटा निर्णय होऊन बसतो. मग खालच्या न्यायालयाने कोणता पाळायचा? समान संख्येच्या पीठांत आधीचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्यातून स्पष्ट होते. 'ताजा निकाल म्हणजे खरा कायदा' हा समज इथेच कोसळतो.

संख्या पीठाची मोजायची, बहुमताची नाही. सात जणांच्या पीठाचा ४ विरुद्ध ३ निकाल पाच जणांच्या एकमताच्या निकालावर भारी पडतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट सांगितले आहे. पीठाच्या संख्येचे वजन आणीबाणीतल्या एका प्रकरणातही दिसते. स्थानबद्धांच्या बाजूने निर्णय देणाऱ्या उच्च न्यायालयांत आपले नागपूरही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या पीठाने ते सारे निर्णय ४ विरुद्ध १ मताने फिरवले. तो निवाडा रीतसर रद्द व्हायला २०१७ साल आणि नऊ न्यायमूर्तींचे पीठ लागले.

दुसरी चूक याहून जास्त नुकसान करते. विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारी याचिका) एका ओळीत फेटाळली गेली की 'सर्वोच्च न्यायालयाचेही शिक्कामोर्तब' असे छापले जाते. शिक्कामोर्तब झालेले नसते. कारणे न देता याचिका फेटाळणे म्हणजे अपील ऐकायला परवानगी नाकारणे. उच्च न्यायालयाचा निर्णय बरोबर ठरवणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने कुन्हायम्मद प्रकरणात २००० सालीच हे सांगितलेले आहे. सुनावणीतली तोंडी मते आणि जामीन आदेशातली प्राथमिक निरीक्षणे यांनाही पूर्वनिर्णयाचा, म्हणजे पुढच्या प्रकरणांत पाळायच्या निवाड्याचा, दर्जा नसतो. बांधील असतो तो निकालाला आधार झालेला कायद्याचा मुद्दा, तोही त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीशी जोडून वाचायचा.

हद्दीबाबतही गोंधळ दिसतो. नागपूरचा निवाडा मुंबई, छत्रपती संभाजीनगर, गोवा, कोल्हापूर इथेही तितकाच लागू, कारण उच्च न्यायालय एकच. उलट सीमेपलीकडच्या सिवनीत जे मध्य प्रदेश उच्च न्यायालय बंधनकारक, त्याचा निवाडा आपल्या जिल्हा न्यायालयात फक्त मार्गदर्शक म्हणून दाखवता येतो.

विनंती अशी, की न्यायालयीन बातमीच्या शेवटी एक ओळ द्यावी : न्यायमूर्ती किती, आदेश अंतिम की अंतरिम, आणि निवाड्याचा क्रमांक. २०२३ पासून नागपूरच्या प्रत्येक निवाड्यावर वर्ष, मग 'बीएचसी-एनएजी' (बॉम्बे हायकोर्ट-नागपूर) आणि पुढे आकडा असा क्रमांक असतो. शेवटी 'डीबी' असेल तर दोन न्यायमूर्ती, 'एफबी' असेल तर पूर्णपीठ, काहीच नसेल तर एकल. तो क्रमांक छापला, तर वाचकाला उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मूळ निवाडा फुकट उघडता येईल.

आपला,
एक वकील-वाचक, धंतोली, नागपूर