पद्मिनीचं पोट उघडलंय

नौपाडा, ठाणे

प्रिय बंड्या,

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चालू झाली का म्हणून विचारलंस. चालू ती आधीपासूनच आहे रे, बसायचीच सोय नाही! सीट हॉलमध्ये, दारांचे आतले पुठ्ठे गॅलरीत आणि खाली पार्किंगमध्ये नुसता पत्रा. हिने एवढंच विचारलं, "दिवाळीच्या आत हॉल रिकामा होईल ना?"

आधी सीट शिवून घे, हा तुझा सल्ला मी मुद्दाम बाजूला ठेवला. आपल्या पावसात आधी पाण्याचा बंदोबस्त. काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकंच मातीने बुजलेली. त्यात पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद कुणीतरी फाडून टाकलेला, म्हणून पुठ्ठे फुगले. मॅटखालचा पत्रा गंजलेला होता; घासून, ड्रायव्हरच्या पायाशी तुकडा वेल्ड करून गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारला. पुढच्या काचेचं रबरही बदललं.

मग सीट. गादीवाला म्हणे, "काका, दोन वेगवेगळ्या बकेट सीट टाकू, एकदम नवीन गाडी वाटेल." मी हात जोडले. गिअर स्टिअरिंगपाशी असलेली गाडी ही, पुढे तिघं ऐसपैस बसावीत म्हणून सलग बाकडं दिलंय. ते काढून उरलं काय? जुनं रेक्झिन ब्लेडने शिवणीशिवणीला उसवलं, तुकड्यांवर खडूने खुणा केल्या. तोच नव्याचा फर्मा. आतल्या स्प्रिंगा ठणठणीत, पण गोणपाट कुजलेलं आणि काथ्याचा भुगा. स्प्रिंगांवर नवं गोणपाट हवंच, नाहीतर त्या वरचा थर कापत जातात.

सामानासाठी कुर्ला. कारखाना कुर्ल्यातच होता ना तिचा, म्हणजे माहेरीच गेलो म्हण. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता नाव घेतलं की दुकानदार आधी मला न्याहाळतो, मग भाव सांगतो.

आतलं छत तेवढं राहिलंय. त्याचं रेक्झिन ज्या सळ्यांवर ताणतात त्या प्रत्येकीचा बाक वेगळा, म्हणून काढतानाच पुढून मागे नंबर टाकलेत. एकजण ताणणार, दुसरा कडा चिकटवणार. त्यासाठी दुसरा तू. रविवारी सकाळी ये, ऊन चढलं की रेक्झिन मऊ पडतं, सुरकुत्या निघून जातात. मामलेदारची मिसळ माझ्याकडून. आणि जुने कपडे घालून ये, चिकटवायच्या सोल्युशनचे डाग काही केल्या जात नाहीत.

तुझा,
अव्या