मॅग्नम घेऊ नकोस, मिल्या

फोर्ट कॉलिन्स,
१९ जुलै

प्रिय मिल्या,

तुझी मेल वाचून आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. नोव्हेंबरचा म्यूल डिअरचा (इथलं मोठ्या कानांचं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागला त्याबद्दल अभिनंदन. पहिल्याच ड्रॉमध्ये लागायला नशीब लागतं. पण त्याच मेलमध्ये पुढे '.३०० विंचेस्टर मॅग्नम बघून आलोय, दुकानदार म्हणतो एकदाच मोठी घ्या आणि निश्चिंत व्हा' हे वाचलं (.३०० म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात; मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त दणक्याचं काडतूस) आणि फोनवर उरकण्याऐवजी सविस्तर लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू लिहिलंयस, 'फार लांबून मारायचं नाही, मध्यम अंतर.' आधी ते अंतर ठरवू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. माझ्या मते मध्यम म्हणजे जास्तीत जास्त ३०० यार्ड. ऐकायला कमी वाटतं ना? २२ यार्डांची पिच घे आणि तशा साडेतेरा पिचा एकापुढे एक टाक. त्या टोकाला हरीण उभं आहे, आठ हजार फुटांवर चढ चढून तुला धाप लागलीय आणि रायफल टेकवायला पाठीवरच्या सॅकशिवाय काही नाही. आता सांग कमी आहे का. त्यात हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून खांद्यामागे जेमतेम आठ-नऊ इंचांची जागा. तिथेच गोळी जायला हवी. पोटात गेली तर जनावर तडफडत मैलभर जातं, आणि शोधताना आपली रात्र जाते ती वेगळीच.

या अंतरावर मॅग्नम तुला काय देतं? आकडेच बघ. १८० ग्रेनची गोळी ते सेकंदाला सुमारे २९५० फुटांनी फेकतं. बिचारं .३०-०६ (तेवढ्याच जाडीच्या गोळीचं जुनं, साधं काडतूस) तीच गोळी २७०० नी. (१८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा बरं का. इंग्रजांनी तोळ्याचं वजन तेवढंच ठरवलं होतं. आजचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात ते सोड.) २०० यार्डांवर झिरो केलंस, म्हणजे तिथे नेम धरशील तिथेच गोळी बसेल अशी रायफलीवरची दुर्बीण जुळवलीस, तर .३०-०६ ची गोळी ३०० ला साधारण आठ-साडेआठ इंच खाली येते आणि मॅग्नमची त्याहून इंच-दीड इंच कमी. हा झाला सगळा नफा. ४५०-५०० यार्डांवर, मोठ्या बुल एल्कवर (सांबरासारखं थोराड हरीण, त्यातला नर), वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसासाठी मॅग्नमला अर्थ आहे, ते मी नाकारत नाही. पण तो माणूस तू नाहीस. अजून तरी नाही.

आणि या इंच-दीड इंचाची किंमत खांदा मोजतो. आठ पौंडांच्या रायफलीत .३०० मॅग्नमची किक पंचवीसेक फूट-पाउंड (ताकद मोजायचं माप) भरते. सौम्य काडतुसांपैकी .३०८ ची सतराच्या आसपास, ६.५ क्रीडमूरची बारा-तेरा. म्हणजे मॅग्नमची किक क्रीडमूरच्या दुप्पट. खांदा निळा होतो तो आठवड्यात बरा होतो, पण डोक्यात बसलेली धास्ती जात नाही. मागच्या महिन्यात रेंजवर शेजारच्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ असंच मॅग्नम घेऊन आले होते. त्यांच्या मित्राने गंमत म्हणून, त्यांना न सांगता, मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, भरलं. दोन बार झाले. तिसऱ्याला चाप ओढला तर नुसतं 'टिक', पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलेलं, डोळे गच्च मिटलेले आणि खांदा पुढे ढकललेला. बार झालाच नव्हता, किक नव्हतीच, तरी शरीराने तिची तयारी करून ठेवली होती. प्रत्येक खऱ्या बाराला हेच होत असणार, फक्त आवाजात दिसत नाही. हा फ्लिंच एकदा अंगात मुरला की काढायला फार कष्ट पडतात. म्हणून नवशिक्याने पहिली रायफल दणका देणारी घेऊच नये, या मतावर मी ठाम आहे.

मग काय घ्यायचं? .३०८ विंचेस्टर तुला आपलं वाटेल. तुझे बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांनी जी ७.६२ ची काडतुसं जन्मभर पाहिली, त्यांचंच हे शिकारी भावंड. विंचेस्टर कंपनीने .३०८ बाजारात आणलं १९५२ मध्ये आणि नाटोने ७.६२ बाय ५१ स्वीकारलं १९५४ मध्ये. १९०६ च्या .३०-०६ ची केस (दारू भरायची पितळी नळी) ६३ मिलिमीटरची, हिची ५१. दारू सुधारली होती म्हणून छोट्या केसमध्येही जवळपास तेवढाच जोर मिळाला आणि रायफलीची ॲक्शन (काडतूस नळीत सरकवणारी यंत्रणा) आखूड झाली. माझी स्वतःची रायफल .३०८ आहे आणि मला तिच्याबद्दल ममत्व आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तरीही तुला मी ६.५ क्रीडमूर घे म्हणेन.

हे २००७ चं, हॉर्नेडी कंपनीचं. मुळात टार्गेटवाल्यांसाठी काढलं, शिकाऱ्यांनी नंतर उचललं. गोळी बारीक आणि लांबट, १४० ग्रेनच्या आगेमागे, म्हणजे पाऊण तोळ्याच्या वर थोडी. अशी गोळी हवा कापत जाते आणि वेग लवकर सोडत नाही. .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी नळीतून बाहेर पडताना जास्त ताकदीची असते, पण ३०० यार्डांवर दोघींच्या ताकदीतला फरक जवळपास मिटलेला असतो. दोन्हींकडे सोळाशे फूट-पाउंडांच्या आसपास. आणि आपल्याकडचा वारा! ताशी दहा मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर .३०८ ला सातेक इंच ढकलतो, क्रीडमूरला पाच-साडेपाच. गोळी किती खाली येणार हे तक्त्यात बघून पाठ करता येतं. वारा मात्र ऐन वेळी अंदाजाने ओळखावा लागतो, म्हणून तिथे वाचलेला दीड इंच मला लाखमोलाचा वाटतो.

'एवढीशी गोळी एल्कला पुरेल का' असं तुझे ऑफिसातले लोक नक्की विचारतील. त्यांना सांग, स्वीडन-नॉर्वेमध्ये साडेसहा मिलिमीटरच्याच ६.५ बाय ५५ ने शंभराहून जास्त वर्षं मूस मारताहेत. मूस एल्कपेक्षा मोठा असतो. ३०० यार्डांच्या आत, चांगल्या बांधणीची गोळी, आणि जागेवर. या तीन अटी पाळल्यास तर पुढे कधी एल्कचा टॅग लागला तरी दुसरी रायफल घ्यावी लागणार नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. .२७० विंचेस्टर १९२५ पासून चालतंय. जुनी मंडळी त्यावर जीव टाकतात आणि त्यांचं चूक नाही, कुणी वापरलेली चांगली देत असेल तर डोळे मिटून घे. ७ एमएम-०८ मला मनापासून आवडतं, किक सौम्य आणि मार चोख, पण छोट्या गावातल्या दुकानात त्याचा खोका मिळेलच असं नाही. .२४३ आपल्याकडे हरणासाठी कायद्यात बसतं, पण ते नेमबाजाच्या हातचं काम, नवख्याच्या नाही. .३०-३० दाट झाडीत दीडशे यार्डांपर्यंत झकास. तुला जिथे जायचंय तिथे सगळी उघडी सेजब्रश, म्हणजे खुरटी झुडपं आहेत.

काडतुसाचं नाव ठरवण्यात लोक महिने घालवतात आणि गोळी मात्र काउंटरवर जी दिसेल ती उचलतात, हे मला कधी कळलेलं नाही. हरणाला लागते ती गोळी, नाव नाही. कोलोरॅडोत कायद्याने गोळी अंगात शिरल्यावर पसरणारीच लागते. हरणाला किमान ७० ग्रेन, एल्कला ८५, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड. लष्करी पद्धतीची पूर्ण कवचवाली गोळी शिकारीला चालत नाही, ती आरपार जाते आणि जनावराला नुसतं जखमी करते. ती स्वस्त मिळते, कागदावर सरावाला वापर. शिकारीला मात्र मी सबंध तांब्याची गोळी घे म्हणेन, १२०-१३० ग्रेनची. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात शिरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. ते मांस तुझी सई खाणार आहे. शिवाय हरीण साफ करून आपण आतडी तिथेच सोडतो, ती गरुड खातात. कॅलिफोर्नियातल्या कोंडोर गिधाडांच्या मृत्यूचं मोठं कारण शिसंच ठरलंय. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. भारतात गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं गेली, तसाच प्रकार. इथे सक्ती नाही म्हणून आपण थांबायचं कशाला?

तांब्याचं एक पथ्य आहे. ते शिशाहून कडक, त्यामुळे पसरायला वेग लागतो. लागताना सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास तरी हवा. ३०० यार्डांच्या आत क्रीडमूरला तो सहज मिळतो, पण खोक्यावरचा तक्ता वाचून घे. ते तक्ते बहुधा समुद्रसपाटीचे असतात. आपल्या उंचीवर हवा विरळ, म्हणून गोळी त्याहून थोडी कमीच पडते.

मॅग्नमचे उरलेले पैसे बरी दुर्बीण आणि भरपूर काडतुसं यात घाल. क्रीडमूरचा वीसचा खोका मॅग्नमच्या खोक्यापेक्षा स्वस्तही पडतो. आधी १०० यार्डांवर दोनेक इंच वर झिरो कर, म्हणजे २०० ला नेमकं येतं. मग बाक सोड. बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकवून मार. टार्गेट विकत आणू नकोस, गणपतीच्या कार्यक्रमातून मंडळात कागदी प्लेट्सचे गठ्ठे उरतील ते घेऊन ये. नऊ इंचांची प्लेट, म्हणजे हरणाची ती जागाच. ज्या अंतरावर पहिली गोळी हमखास प्लेटमध्ये बसते ते तुझं मध्यम अंतर, मग ते १८० यार्ड का असेना. त्यापुढे हरीण दिसलं तर बघ, फोटो काढ आणि जवळ सरक.

केशरी जाकीट आणि टोपी माझ्याकडे जास्तीची आहे, विकत घेऊ नकोस. काकूंना काय सांगायचं ते तुझं तू बघ. रायफल घ्यायला जाशील तेव्हा मी येतो, दस्ता तुझ्या खांद्याला लांब होतो की आखूड हे तिथेच बघू. येत्या शनिवारी माझी .३०८ आणि शेजाऱ्याची क्रीडमूर दोन्ही मारून बघ. कानाला मफ्स आणि आत प्लग, दोन्ही घाल. पाच-पाच बार झाले की माझं पत्र बाजूला ठेव आणि तुझा खांदा काय म्हणतो ते ऐक.

तुझा,
सत्या

ता. क. दोन गोष्टी राहिल्या. तुझं ग्रीन कार्ड आहे, तुला अडचण नाही. पण तुझा मेहुणा विद्यार्थी व्हिसावर आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखा अपवाद लागू नसेल तर त्याने बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. हौसेने त्याच्या हातात रायफल देऊ नकोस. आणि रेंजवर नेलेली सॅक घेऊन डिसेंबरमध्ये भुसावळला जाऊ नकोस, वेगळी घे. खालच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस जरी राहिलं आणि मुंबईला स्कॅनरमध्ये दिसलं, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवतात आणि सुट्टी वकिलाकडे जाते.