वेलिंग्टनचा हिवाळा: मेधाला पत्र

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं चार दिवसांचं वेळापत्रक नीट वाचलं. जागा सगळ्या चांगल्या निवडल्या आहेस. पण प्रत्येक जागा एकेका तारखेला बांधून टाकली आहेस, आणि जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, वेलिंग्टनला नेमकं तेच जमत नाही. इथला दिवस वारा कुठून येतोय यावर ठरतो. म्हणून तक्ता बाजूला ठेव आणि तीन याद्या कर: दक्षिणेच्या वाऱ्याची, उत्तरेच्या वाऱ्याची आणि वारा पडलेल्या दिवसाची. रोज सकाळी मेटसर्व्हिसचा (इथल्या हवामान खात्याचा) अंदाज बघायचा आणि त्या दिवसाची यादी उचलायची. गाव एवढं आटोपशीर आहे की ऐन वेळी बेत बदलला तरी काही बिघडत नाही. रेल्वे स्टेशनपासून कोर्टनी प्लेसपर्यंत सपाट रस्त्याने जेमतेम दोन किलोमीटर, आणि बघायच्या निम्म्या गोष्टी त्याच पट्ट्यात.

वाऱ्याचं कारण भूगोलात आहे. न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांवर डोंगररांगा आहेत आणि त्यांच्यामध्ये कुकची सामुद्रधुनी ही एकच मोठी खिंड. अडलेला वारा तिच्यातून घुसतो आणि वेग घेतो. उत्तरेचा वारा त्यातल्या त्यात उबदार, पण झोडपणारा. दक्षिणेचा अंटार्क्टिकाच्या बाजूने येतो, तासाभरात तापमान उतरवतो, आडवा पाऊस आणतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत निघून जातो. तो गेल्यावर जो स्वच्छ, निवांत दिवस उगवतो, तो मला वर्षातला सर्वांत सुंदर दिवस वाटतो. तो हाती लागावा म्हणून चार रात्री तरी हव्यातच. दोन रात्रींत फक्त पाऊस बघून परतायची वेळ येऊ शकते.

थंडीबद्दल तू विचारलंस. दुपारी ११ ते १३ अंश, रात्री ६-७. आकडे पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटेसारखे वाटतील, पण पुण्यात दुपारी ऊन तापतं, इथे थंडी दिवसभर हलत नाही आणि वर वारा. शहरात बर्फ जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे बर्फातलं जाडजूड जॅकेट घेऊ नकोस. आतून मेरिनो लोकरीचे थर्मल, मधे स्वेटर, वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं, टोपीला नाडी असलेलं जाकीट. हे सगळ्यांत वरचं जाकीट कमी प्रतीचं असलं तर आतल्या दोन्ही थरांचा उपयोग शून्य. शाल वाऱ्यात कुचकामी, सोबत येणाऱ्या काकूंना कानटोपी आण. छत्री आणूच नको, पहिल्याच झोतात उलटते. बुटांचे तळवे मात्र घट्ट पकडणारे हवेत, कारण ओल्या लाकडी पायऱ्या आणि कुजलेली पानं इथे सगळ्यांत जास्त घसरवतात.

राहायची जागा निवडताना तीन गोष्टी बघ. पहिली, खिडकी उत्तरेला हवी. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो आणि जूनमध्ये भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो. दक्षिण उतारावरच्या घरांना त्या महिन्यांत ऊन दिसतच नाही, भिंती ओलसर राहतात. दुसरी, गरम करायची सोय. जुनी लाकडी घरं दिसायला देखणी, पण त्यांच्या फटींतून वारा शिरतो. जाहिरातीत ‘हीट पंप’ लिहिलंय का आणि तो झोपायच्या खोलीतही आहे का, हे मालकाला विचारून घे. (हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी.) तिसरी, उंची. नकाशावर ‘लॅम्टन की’ या मुख्य बाजाररस्त्यापासून ३०० मीटर दिसतं ते खरंच असतं, पण ते ३०० मीटर कधी कधी उभ्या जिन्याने असतात. काकूंच्या गुडघ्यांसाठी ‘ते आरो’ नावाचा किंवा कोर्टनी प्लेसजवळचा सपाट भागच घे आणि इमारतीला लिफ्ट आहे ना ते पाहा. लॅम्टन कीवरून वरच्या ‘द टेरेस’ रस्त्यावर जायचं असेल तर स्थानिक लोक मधल्या ऑफिस इमारतींच्या लिफ्ट वापरतात. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत तुम्हीही वापरा.

तारखांचं सांगते. जुलैच्या सुमारास दोन आठवडे इथे शाळांना सुट्टी असते (२०२६ मध्ये ४ ते १९ जुलै), तेव्हा खोल्या महाग आणि ‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालय मुलांनी भरलेलं. मातारिकीची सुट्टी ताऱ्यांच्या पंचांगावर असल्याने दर वर्षी बदलते: २०२६ मध्ये १० जुलै, २०२७ मध्ये २५ जून. २०२२ पासून ती देशभर सार्वजनिक सुट्टी आहे. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. त्या पहाटे ईशान्येला पुन्हा उगवायला लागल्या की माओरींचं (इथल्या मूळ रहिवाशांचं) नवं वर्ष सुरू होतं. गर्दी नको असेल तर ऑगस्ट घे, दिवसही थोडा मोठा मिळतो. जूनअखेरीस सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचला मावळतो, म्हणजे उघड्यावरचं सगळं दहा ते चारमध्ये बसवावं लागतं. बरेच कॅफे दुपारी तीनच्या आसपास बंद होतात. जेवणही लवकर उरकून घ्यायचं.

आता विमान. भारतातून थेट वेलिंग्टनला काही येत नाही. सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे ऑकलंड आणि तिथून तासाभराचं देशांतर्गत उड्डाण हे सोपं. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे आलात तर भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो. तो मोफत आहे, पण विसरला तर मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. ऑकलंडला सामान ताब्यात घेऊन जैवसुरक्षेची तपासणी पार करायची, सामान पुन्हा द्यायचं आणि जमिनीवरच्या हिरव्या रेषेने दहा मिनिटं चालत दुसऱ्या टर्मिनलला जायचं. दोन उड्डाणांत तीन तास ठेव. वेलिंग्टनचं शेवटचं संध्याकाळचं विमान घेऊ नको. वाऱ्याने ते रद्द झालं तर रात्र ऑकलंडला. परतीलाही हाच हिशोब: आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशीच ऑकलंड गाठ. वेलिंग्टनला उतरताना विमान हलतं, धावपट्टी दोन्ही टोकांना समुद्राला भिडलेली आहे. काकूंना आधीच सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाहीत.

सामानाबाबत मी कडक सांगतेय. पेढे, तूप, मध, बिया, ताजा कढीपत्ता, घरचं लोणचं काहीही आणू नकोस. जे खाण्याचं आणशील ते न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन या प्रवेशाच्या फॉर्मवर न चुकता जाहीर कर. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपलेलं सापडलं की जागेवर ४०० डॉलर दंड. चकली, भडंगही ‘अन्न’ या रकान्यातच येतात. ट्रेकचे बूट घासून धुऊन आण, तळव्याच्या खाचांतली मातीही तपासतात. काकूंची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. इथे अपघातातल्या दुखापतीचा उपचारखर्च बराचसा एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांसाठीही उचलते, पण आजारपणाचा नाही. त्यामुळे प्रवासविमा हवाच.

शहरात गाडी भाड्याने घेऊ नका. रस्ते अरुंद, पार्किंग महाग आणि वळणावर समोरची बस आली की कोणी मागे घ्यायचं हा प्रश्न. स्नॅपर कार्ड घ्या. विमानतळावरच्या एअरपोर्ट एक्स्प्रेसपासून केबल कारपर्यंत तेच चालतं. बसमधून उतरताना पुन्हा टेकवायला विसरायचं नाही, नाहीतर जास्त भाडं कापलं जातं.

आता याद्या. दक्षिणेचा वारा असेल त्या दिवशी: ते पापा. परदेशी पाहुण्यांना ३५ डॉलर तिकीट आहे, पण पूर्ण दिवस द्या आणि पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईचं दालन सकाळीच करा, दुपारी रांग लागते. पावसाच्या विश्रांतीत संसदेची मोफत सहल (आधी जागा राखून ठेवा), आणि समोरची जुनी सरकारी इमारत. १८७६ ची, दगडी वाटावी अशी घडवलेली, पण सगळी लाकडाची. स्टेशनबाहेर गांधीजींचा पुतळा आहे, काकूंना दाखवा. चालावंसं वाटलं तर ओरिएंटल बेला जा. तो किनारा उत्तरेला तोंड करून आहे आणि मागे माउंट व्हिक्टोरियाची भिंत, त्यामुळे दक्षिणेचा वारा तिथे बराच अडतो. दक्षिण किनाऱ्याला त्या दिवशी अजिबात जायचं नाही, लाटा दगड घेऊन रस्त्यावर येतात.

उत्तरेचा वारा असेल तर उलट. ओफिरो बेपर्यंत टॅक्सी करा आणि तिथून रेड रॉक्सचा किनारी रस्ता धरा. डोंगर मागे असल्याने तिथे वाऱ्याचा जोर कमी लागतो. त्याच्या पुढे सिंक्लेअर हेडला हिवाळ्यात नर फर सील विश्रांतीला येतात. उन्हाळ्यात ते नसतात, म्हणून ही तुमच्याच मोसमाची गोष्ट. जाऊन-येऊन अडीच-तीन तास, सपाट पण खडीचा रस्ता, वाटेत पाणी नाही. सीलपासून २० मीटर दूर राहायचं आणि त्याच्या व समुद्राच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. काकूंना त्या वेळेत आयलंड बेच्या कॅफेत बसवा.

वारा पडलेला दिवस मिळाला की बाकी सगळं सोडा. सकाळी केबल कारने केल्बर्नला जा. १९०२ पासूनची ती गाडी ६१२ मीटर रुळावर १२० मीटर चढते, पाच मिनिटांत. वरून बॉटॅनिक गार्डनमधून उतरत शहरात या, चढायची भानगड नाही. दुपारी माउंट व्हिक्टोरियाचा माथा, १९६ मीटर, टॅक्सीने. आणि बंदराकडे लक्ष ठेवा: जुलै २०१८ मध्ये इथे राइट व्हेल जातीचा देवमासा बरेच दिवस मुक्कामी होता आणि त्याला त्रास नको म्हणून मातारिकीची आतषबाजी आठवडाभर पुढे ढकलली होती.

संध्याकाळसाठी एकच गोष्ट आताच राखून ठेव: करोरीतल्या झीलँडिया अभयारण्याची रात्रीची सहल. २२५ हेक्टरचं खोरं, भोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण, उंदीर-मांजर-मुंगसासारखे प्राणी आत शिरू नयेत म्हणून. त्यामुळेच तिथे किवी मोकळे फिरतात. सहल अंधार पडताना सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात लवकर सुरू होऊन लवकर संपते, उन्हाळ्यासारखं मध्यरात्रीपर्यंत जागावं लागत नाही. किवी दिसेलच असं नाही, ओरडणं मात्र बहुधा ऐकू येतं. तुआतारा (सरड्यासारखा दिसणारा इथला सरपटणारा प्राणी) बघायचा असेल तर ऊन असलेल्या दुपारी वेगळं जा, थंडीत तो बिळात असतो. आकाश स्वच्छ असेल तर रात्री मान वर कर: आपल्याकडे दक्षिणेला खाली रेंगाळणारा वृश्चिक इथे जवळजवळ डोक्यावर येतो.

दक्षिण बेटावरच्या पिक्टनला फेरीबोटीने एका दिवसात जाऊन-येऊन करायचा विचार सोड. साडेतीन तास एका बाजूचे, आणि हिवाळ्यात उंच लाटांमुळे फेऱ्या रद्द होतात. दक्षिण बेटाला जायचंच असेल तर मागे एक मोकळा दिवस ठेव आणि उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, बोट हलायला लागल्यावर नाही.

भूकंपाचं: हलायला लागलं तर बाहेर पळू नका, खाली बसा, टेबलाखाली जा, टेबलाचा पाय घट्ट धरा. किनाऱ्याजवळ असताना हादरा मोठा वाटला किंवा मिनिटभर चालू राहिला, तर थांबताच चढ धरा. दक्षिण उपनगरांत रस्त्यावर निळ्या रेषा रंगवल्या आहेत, त्सुनामीपासून सुरक्षित जागा तिथून सुरू होते.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइनच करायचा आहे. आधी तो कर, तिकीट नंतर. ऑगस्ट ठरला तर झीलँडियाची जागा आणि खोली बघायला मी लागते. तारखा आणि काकूंना किती पायऱ्या झेपतात ते तेवढं कळव.

प्रसादला आणि काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभा