लाभार्थी संख्या : ६०

प्रिय दिगू,

तुझ्या पत्राला उत्तर न देता आठ महिने लोटले याची मला लाज वाटते, आणि ती झाकण्यासाठी प्रकृतीचे रडगाणे गाणार नाही. गुडघा आहे तसाच आहे, दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली, बाकी ठीक. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. आपल्या शनिवारच्या वर्गाला अनुदान मंजूर झाले. काल दुपारी मंजुरीपत्र आले, खजिनदारांनी ते उभे राहून मोठ्याने वाचले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला नेमका तू आठवलास. अभिमानाने नव्हे, धास्तीने.

पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिले आहे की, 'दर आठवड्याला ६० बालकांसाठी वाचन व नाट्य उपक्रम' यासाठी ही रक्कम देण्यात येत आहे. दिगू, आपल्या सतरंजीवर साठ मुले कधी बसली होती काय? एरवी सतरा-अठरा असतात, परीक्षेच्या दिवसांत नऊ, आणि एकदा तर मी, वहिनी आणि एकच मुलगी असे तिघेच होतो व ती मुलगी आम्हालाच गोष्ट सांगून घरी गेली. साठ हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. वर्षभरात हजेरीपटावर जी वेगवेगळी नावे येतात, त्यांची बेरीज साठाच्या आसपास जाते. अर्जात 'लाभार्थी संख्या' असा एकच रकाना होता. 'वर्षभरात वेगवेगळी' हे शब्द मी त्यात तीन वेळा भरून पाहिले आणि तिन्ही वेळा पोर्टलने लाल अक्षरांत 'केवळ अंक भरावेत' असे बजावले. शेवटी रात्री अकरा वाजता, मुदत संपायला एक तास उरलेला असताना, मी नुसते साठ लिहिले. खाली वर्णनाच्या जागेत खुलासा करता आला असता. तो मी केला नाही. जागा अडीचशे शब्दांची होती आणि ती मी 'संवेदनशील नागरिक घडवण्याच्या' वाक्यांनी आधीच भरून टाकली होती.

आता तुला वाटेल की हा अजून तसाच आहे. ते तुला वाटावे असेच आहे. त्या अहवालाच्या वेळी 'मी हजेरीपटाचा साक्षीदार आहे, भाट नव्हे' असे म्हणून तू पेन टेबलावर ठेवलेस आणि बाहेर पडलास, आणि मी तेच पेन उचलून सही केली. त्यानंतरची दोन वर्षे आपण बोललो नाही. मास्तरांनी मध्ये पडून समेट घडवला तेव्हाही तो विषय आपण दोघांनी शिताफीने टाळला. आज तो मी स्वतःहून काढतो आहे, यावरून माझी अवस्था ओळख.

अर्ज लिहिण्याची माझी पद्धतच मुळात उलटी होती, हे आता कळते. मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. तीन रात्री बालपणावर निबंध लिहिला आणि अंदाजपत्रक शेवटच्या रात्रीवर ढकलले. पुढे एक शंका विचारायला कार्यालयात फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी फार सौजन्याने विचारले, "आपण गुणदानाचा तक्ता वाचला आहे का?" वाचला नव्हता. माझ्या निबंधाचा ज्या मुद्द्याशी संबंध होता त्याला शंभरांपैकी दहा गुण होते. बाकीचे गुण कोणापर्यंत पोहोचणार, खर्च वाजवी आहे का, परिणाम कसा मोजणार आणि अनुदान संपल्यावर काय करणार, या प्रश्नांना होते. म्हणून मग सगळे मोडून अंदाजपत्रकापासून पुन्हा मांडले, आणि गंमत म्हणजे कार्यक्रम काय आहे हे मला स्वतःलाच तेव्हा समजले. पुस्तके किती, मानधन कोणाला, प्रवासखर्च कशाचा, हे बाबनिहाय लिहू लागलो की स्वप्नातली अर्धी कलमे आपोआप गळतात.

स्वहिस्सा पंचवीस टक्के दाखवायचा होता, पण तो रोखीतच असावा अशी अट नव्हती. स्वयंसेवकांचा वेळ धरता येत होता. तीन माणसे, दोन तास, चाळीस शनिवार, म्हणजे २४० तास. तासाला कोणता दर लावायचा यावर खजिनदारांशी माझे भांडण झाले, कारण दर फुगवला तर परीक्षकाला संशय येतो आणि कमी लावला तर हिस्सा पुरत नाही. वहिनींनी तो कागद पाहिला, स्वतःच्या नावासमोरचे ऐंशी तास वाचले आणि म्हणाल्या, "ही झाली येत्या वर्षाची. मागची बाकी कोणत्या खात्यात?" त्यांना उत्तर देण्याची हिंमत कोणाला झाली नाही.

मग प्रकल्पाच्या आखणीचा तो तक्ता. उद्दिष्ट, निदर्शक, पडताळणीचे साधन आणि गृहीतके, असे चार उभे रकाने. ही चौकट १९६९ साली अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी तयार झाली आणि नंतर जगभर पसरली, हे मला अर्ज भरताना कळले. परदेशी मदतीचे मोठाले प्रकल्प तपासण्यासाठी घडवलेली ती फूटपट्टी आम्ही अठरा मुलांच्या सतरंजीवर आडवी ठेवत होतो. गृहीतकांच्या रकान्यात मी प्रथम 'मुले येतील' एवढेच लिहिले होते. खजिनदारांनी ते खोडून 'स्थानिक समुदायाचा सातत्यपूर्ण सहभाग' असे केले. माझे म्हणणे अजूनही तेच आहे की गृहीतक मुळात एकच होते आणि मी ते बरोबर लिहिले होते.

निदर्शकाच्या रकान्यात 'वर्षअखेर ७० टक्के मुलांच्या वाचनात सुधारणा' असे आहे. किती सत्रे झाली, किती पुस्तके दिली, हे मोजणे सोपे असते. त्यातून मुलांमध्ये काय बदलले हे दाखवणे निराळे, आणि परीक्षकांना नेमके तेच हवे असते. आता तुला एका मुलाबद्दल सांगतो. वय आठ असावे. तो आल्यापासून टेबलाखाली बसतो. हातात पुस्तक देऊ केले तर ते गुडघ्याखाली सरकवून ठेवतो, पण वहिनी वाचत असताना एखादी ओळ त्यांच्याकडून गाळली गेली तर टेबलाखालून ती ओळ ऐकू येते, शब्दन् शब्द बरोबर. मागच्या महिन्यात तो दहा मिनिटे बाहेर येऊन बसला आणि परत आत गेला. वाचनचाचणीत हा मुलगा शून्य ठरेल. सत्तरात तो नाही, तीसांत आहे. या योजनेत त्याच्यासाठी रकाना नाही आणि तो कसा करावा हे मलाही सुचत नाही. सुचले असते तर मी तो अर्जात घातला असता, असे स्वतःला सांगतो. खरे सांगायचे तर परीक्षकाला तो पटला नसता या भीतीने मी प्रयत्नच केला नाही.

एक गोष्ट मात्र मी केली नाही, आणि तिचे श्रेय निमूटपणे तुला देतो. शिफारसपत्रे जोडायची होती, तेव्हा मुलांकडूनच पत्रे लिहून घ्यावीत असे समितीत ठरत होते. मजकूरही तयार होता, मुलांनी फक्त सुवाच्य अक्षरात उतरवायचा. तुला रॉजर हार्ट यांची मुलांच्या सहभागाची १९९२ ची ती आठ पायऱ्यांची शिडी आठवते का? तू कोठून तरी छापून आणलीस आणि कपाटाच्या दाराला चिकटवलीस. मुलांना हाताशी धरून आपले म्हणणे वदवणे ही तळची पायरी, शोभेला उभे करणे ही दुसरी, नावापुरते विचारणे ही तिसरी, आणि या तिन्हींना तो सहभागच मानत नाही. कागद पिवळा पडला आहे, पण दारावर आहे. मी नुसते त्याच्याकडे बोट दाखवले आणि विषय बंद झाला. फलक हातात धरलेल्या मुलांचे छायाचित्र मात्र अर्जाला जोडले गेले. म्हणजे आपण दुसऱ्या पायरीवर आहोत. वर चढायचे म्हणून मी नंतर मुलांना खरोखर विचारले की पैसे मिळाले तर काय आणावे. तोंडी उत्तरे भरपूर आली. टेबलाखालून एकच आले : "टेबल मोठं आणा." दिगू, अनुदानाच्या अटींत फर्निचर बसत नाही. कायमस्वरूपी मालमत्ता खरेदी करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे, आणि एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायची तर आधी लेखी परवानगी लागते.

तू म्हणशील, म्हणूनच मी सांगत होतो की सरकारी पैशाला हात लावू नकोस. हे भांडण आपण इतक्या वेळा केले आहे की दोन्ही बाजू मी एकटाच चालवू शकतो. तुझे म्हणणे असे की घेतल्या पैशाच्या मागे कागद येतात आणि कागदांच्या मागे खोटे येते. माझे म्हणणे असे की बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या एकतिसाव्या कलमात खेळ, विश्रांती आणि सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा मुलांचा हक्क म्हणून लिहिला आहे, आणि हक्क असेल तर त्याचा खर्च दोन निवृत्त माणसे आणि एक वहिनी यांच्या खिशातून कायम का व्हावा? सार्वजनिक पैसा मुलांचाच आहे. माझे हे मत बदललेले नाही. तुझ्या म्हणण्यातला 'खोटे' हा शब्द मात्र हल्ली रात्री त्रास देतो.

पैशांची व्यवस्थाही तू हसशील अशीच आहे. अर्धी रक्कम करारानंतर, उरलेली खर्चाचे विवरण आणि हजेरीपट सादर केल्यावर. म्हणजे मधले महिने आपणच रेटायचे, आणि न खर्चलेली रक्कम परत करायची. मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च ग्राह्य नाही, आणि आम्ही उत्साहाच्या भरात गेल्याच महिन्यात पुस्तके घेऊन बसलो. त्या पावत्या खजिनदारांनी छातीशी धरून ठेवल्या आहेत.

तर प्रश्न हा. करारावर सही करायला पंधरा दिवस आहेत. खजिनदार म्हणतात की पाहणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतून दोन वर्ग आणून बसवू, साठच काय ऐंशी दाखवू. ते वाईट मनाने म्हणत नाहीत. त्यांना वर्ग बंद पडायला नको आहे. समितीतल्या बाकीच्यांचे मत असे की गप्प राहावे, इतक्या लहान अनुदानाची पाहणी करायला कोण येते. मी रात्री बसून कार्यालयाला पत्र लिहिले आहे : अर्जात नमूद केलेली संख्या वर्षभरात सहभागी होणाऱ्या वेगवेगळ्या बालकांची असून दर सत्राची सरासरी उपस्थिती अठरा आहे, तरी मंजुरीपत्रात त्याप्रमाणे दुरुस्ती व्हावी. खालच्या परिच्छेदात वाचनचाचणीऐवजी प्रत्येक मुलाची निरीक्षणवही ठेवण्याची परवानगी मागितली आहे. यावर ते रक्कम कमी करू शकतात, मंजुरी रद्दही करू शकतात. फोनवरच्या बाई एवढेच म्हणाल्या की करारापूर्वी कळवले तर ती दुरुस्ती असते आणि करारानंतर कळले तर ती तक्रार असते. मंजुरी गेली तर वर्ग पूर्वीसारखा चालेल, असे मी वहिनींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनाही माहीत आहे की खोलीचे भाडे तीन महिन्यांचे थकले आहे.

पत्र अजून पाठवलेले नाही. गुरुवारी समितीची बैठक आहे आणि तिथे ते मांडायचे आहे. साठ हा आकडा खरा आहे हे दाखवायला मला जुने हजेरीपट हवेत, आणि ते तुझ्याकडे आहेत. नाही म्हणू नकोस. त्या दिवशी तू पेन ठेवलेस तेव्हा तीन निळ्या वह्या काखेत मारून गेलास हे मी पाहिले होते आणि इतकी वर्षे मागितल्या नाहीत. त्यांत मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे आहेत, काही उलटी अक्षरेही आहेत. यंदाच्या वहीशेजारी त्या ठेवल्या की दरवर्षी किती वेगवेगळी मुले येऊन गेली हे कोणालाही मोजता येईल. मूळ वह्या द्यायच्या नसतील तर पानांचे फोटो पाठव, पण गुरुवारच्या आत. सोबत उपदेश पाठवलास तरी चालेल.

तुझे घर बदलायचे ठरले का? धाकटीच्या नोकरीचे कळले, फार आनंद झाला. तिला वेगळे लिहीन म्हणतो, लिहिले नाही तर रागावू नये असे आधीच सांग. आईंना नमस्कार. तुझ्या रक्तदाबाबद्दल विचारायचे राहिले, ते आता विचारले असे समज.

वह्यांत मधल्या वहीचे शेवटचे पान फाटलेले असेल. ते मी फाडले होते. त्यावर काय होते ते भेटल्यावर सांगतो.

तुझाच,
वसंत