ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या त्या दादांचे आभार

21 वर्षं मी हिशेबाच्या टेबलामागे काम केलं. चारचौघांत बोलायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करायचं, ही सवयच. यंदा मात्र विभागाचा अहवाल मीच मांडते म्हणाले. मंचावर गेले आणि घशाला कोरड पडली. एका हातात माईक, दुसऱ्यात कागद, दोन्ही थरथरत होते. कागदाची फडफड स्पीकरमधून ऐकू येत होती.

ते दादा बाजूने शांतपणे आले. माईक स्टँडला लावला, उंची माझ्या हनुवटीपर्यंत आणली, कागद टेबलावर ठेवले. हळूच म्हणाले, "ताई, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. पहिलं वाक्य फक्त मला सांगा. मी मागे उभा राहतो." सावकाश श्वास सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मी नंतर वाचलं, तेव्हा नुसतं त्यांचं ऐकलं.

आणि ते खरंच उभे राहिले. यंत्र सहकाऱ्याकडे सोपवून, शेवटच्या रांगेमागे, पूर्ण 12 मिनिटं. मी अडखळले की मान डोलवायचे. हे त्यांच्या कामात मोडत नव्हतं.

कार्यक्रमानंतर शोधलं, तर वायरी गुंडाळून ते निघून गेले होते. नाव विचारायचं राहिलं. दादा, मनापासून आभार. पुढचा अहवालही मीच मांडणार आहे.