एकच पेपर उरलाय

रामबाग, इंदूर
24 नोव्हेंबर 2023

प्रिय अव्या,

तुझे तीन मेसेज येऊन पडलेत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावू नकोस. फोन घेतला की 'मजेत' एवढंच तोंडातून निघतं, म्हणून पत्र लिहायला बसलो.

काल देवउठनी ग्यारस झाली. आईने तुळशीपाशी उसाचा मांडव घातला, आरती झाली, आणि निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "अजून गणितच का रे?" त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला रात्रभर झोप नाही.

25 मेला बारावीचा निकाल लागला तेव्हा तू पेढे घेऊन आला होतास आणि माझं तोंड बघून डबा पाठीमागे धरलास, ते मी विसरलेलो नाही. गणित आणि फिजिक्स, दोन्ही गेले. एकच गेला असता तर सप्लीमेंट्रीवर भागलं असतं. मामा समजावत होता, या वर्षी रेग्युलरमध्ये 55 टक्केच पोरं पास झालीत, तू काही एकटा नाहीस. आकडा खरा होता, पण त्याने पोटातला गोळा गेला नाही. बाबांनी ओपन स्कूलच्या 'रुक जाना नहीं'चा, म्हणजे नापास झालेल्यांच्या फेरपरीक्षेचा, फॉर्म भरला. 2016 पासून ही सोय आहे म्हणून बरं. त्यात सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. पावसाळ्यात फिजिक्स सुटलं, गणित चार मार्कांनी राहिलं. आता डिसेंबर.

म्हणायला एकच पेपर. पण एका पेपरावर अख्खं वर्ष काढणं फार जड जातं रे. तेव्हा शाळेची घंटा होती, तू होतास, रविवार रविवारासारखा वाटायचा. आता पोहे खाऊन दार लावतो आणि अकरा वाजता बघतो तर तेच पान समोर. भंवरकुआंला कोचिंगला जातो, तिथे सगळे मला 'भैया' म्हणतात. सर नवा धडा काढताना माझ्याकडे बघून म्हणतात, "तुला तर येतंच हे." येत नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि खरंच येत नाही, हे मला गेल्याच आठवड्यात कळलं. उदाहरण ओळखीचं दिसलं की मी पान उलटत होतो. एके दिवशी खालचं उत्तर वहीने झाकून समाकलनाचं एक उदाहरण सोडवायला घेतलं, तर तिसऱ्या ओळीला अडकलो. वही उचलली, तर समासात तुझं अक्षर. पेन्सिलीने, तिरकं: 'शेवटी सी विसरलास तर मार खाशील.' सी, म्हणजे उत्तराच्या शेवटी जोडायचा स्थिरांक, विसरणं दूरच, मी तिथवर पोचलोच नव्हतो. त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो, अव्या. इतके महिने मी अभ्यास केलाच नव्हता, फक्त वाचत होतो.

दुसरी गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. ऑक्टोबरात मी कोचिंग बुडवून कृष्णपुऱ्याच्या छत्रीवर, त्या होळकरांच्या स्मारकापाशी, जाऊन बसायचो. आधी नुसता वेळ काढायला. मग बाहेरच्या भिंतीवर कोरलेले शिपाई बघायला लागलो. एकाच्या पगडीचा पीळ अजून शाबूत आहे, शेजारच्याचं नाक झिजून गेलंय. आत कृष्णाबाईंची छत्री, तुकोजीराव दुसऱ्यांची. घरी येऊन वाचत बसलो: होळकर आणि इंग्रजांची महिदपूरची लढाई, 1818 चा मंदसौरचा तह, मग राजधानी महेश्वरहून इंदूरला. रात्रीचे दोन वाजले तरी डोळा लागला नाही, आणि ती जाग काकूंच्या प्रश्नाने झालेल्या जागरणासारखी नव्हती. तेव्हाच वाटलं, माझं मन मेलेलं नाही, ते चुकीच्या जागी कोंडलंय.

म्हणून ठरवलंय. इंजिनिअरिंग नाही. बी.ए., इतिहास मेजर, म्हणजे मुख्य विषय. आपल्या राज्यात 2021 पासून नव्या धोरणाने मेजर-मायनर आलंय, आणि सायन्सवाल्याला बी.ए.चं दार बंद नाही. परवा बाबांना सांगितलं. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पुढे काय?" मी खरं तेच सांगितलं, एम.ए. करावंसं वाटतं, त्यापुढचं अजून दिसत नाही. ते म्हणाले, "आधी बारावी सोडव." त्यांचं बरोबर आहे. कॉलेजच्या ऑनलाइन ई-प्रवेशाला बारावीची मार्कशीट लागणारच. गणित आवडायला पाहिजे असं आता मी स्वतःला सांगत नाही, ते सुटलं की पुरे.

तुझ्याकडून एक हवंय. पुण्यात तुला कॉलेजचं काम आहे, ठाऊक आहे. तरी रोज रात्री नऊला मी एका उदाहरणाचा फोटो पाठवीन, उत्तर झाकून सोडवलेलं. तू फक्त बघ आणि कुठे चुकलं त्या ओळीला गोल कर. कौतुक करू नकोस, धीरही देऊ नकोस. मी पाठवलं नाही तर सव्वानऊला फोन कर आणि 'मजेत' म्हणालो तर ठेवू नकोस.

आजचं पत्रासोबत जोडतोय. सी लिहिलाय.

तुझाच,
ओंक्या