पावडरचं पाकीट देताना पाच मिनिटं बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या सासऱ्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी होती. दवाखान्यातून पोट साफ करायच्या पावडरचं पाकीट आणि इंग्रजी छापलेला कागद मिळाला, वर तोंडी "दोन दिवस हलकं खा", झालं. हलकं म्हणून सासूबाईंनी उपासाचंच केलं, दाण्याचं कूट घालून साबुदाण्याची खिचडी आणि वर पेरू. आता दाणे, पेरू-डाळिंब-टोमॅटोच्या बिया, पालेभाजी हेच तर आधीचे दोन-तीन दिवस टाळायचं असतं, आतड्यात तुकडे राहिले की कॅमेऱ्याला दिसत नाही आणि छोटा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) असला तर सुटून जातो. तपासणी अर्धवट राहिली, पुन्हा तारीख, पुन्हा ते दोन लिटर खारट-गुळमट पाणी, पैसेही पुन्हा.

कागदावर जेली आणि ब्रॉथ लिहिलेलं, आमच्या घरी ते कोण खातं? साध्या मराठीत मऊ भात, दही, इडली चालेल असं लिहा, आणि आदल्या दिवशी पातळावर असाल तेव्हा शहाळं (किडनीवाल्यांनी विचारून), गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा कोरा चहा. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, हे आम्हाला दुसऱ्या वेळी नर्सबाईंकडून कळलं. शुगरच्या गोळ्यांचं पण कोणी बोलत नाही, पोटात काही नसताना रोजचाच डोस घेतला तर शुगर धाडकन खाली येते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे तर डॉक्टरांनाच विचारायचं, आपल्या मनाने काही करायचं नाही.

सगळ्यात अवघड गावाकडच्या लोकांचं. अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीआधी चार-सहा तास, असं घेतलं तर पोट जास्त साफ होतं. पण दहाचा नंबर असेल तर पहाटे पाचला प्यायचं आणि मग दोन तास एसटीत बसायचं? एसटी काय दर दहा मिनिटांनी थांबणारे! म्हणून म्हातारी माणसं सगळं रात्रीच पिऊन टाकतात नाहीतर उरलेलं ओतून देतात, आणि सकाळपर्यंत वरून उतरलेलं पित्त मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चिकटून बसतं. बाहेरगावच्यांना दुपारचा नंबर द्या ना, पहिल्या गाडीने येऊन तिथेच पितील, फक्त संडासाला कडी आणि नळाला पाणी असू द्या.

आणि हो, शेवटी लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी पडायला हवं, गढूळ किंवा चॉकलेटी असेल तर निघायच्या आधीच फोन करा, एवढं एक वाक्य तरी पाकिटाबरोबर मराठीत छापा.

आपली,
एक वाचक, सोलापूर